हकीकत पांढऱ्या पानाची, मुक्काम पुरानी बस्ती

श्रीगणरायास नमन, वाग्देवीस नमन, आणि कळफलकावरील त्या यच्चयावत् बटणांसही नमन, ज्यांपैकी निम्म्यांचे प्रयोजन अद्याप कोणास उमगले नाही. पूर्वी थोरथोर राज्ये जाहली, गड घेतले, गड दिले, तह केले आणि तह मोडिले, आणि त्या सर्वांची हकीकत लिहिणारे कलमबहाद्दर पुष्कळ निपजले. परंतु घरच्या घरी संगणकापुढे बैसोन, पडद्यावरील गरगर फिरते चाक पाहत, ज्या मर्दांनी पाठीचे कणे झिजविले त्यांचे नाव कोणी घेतले नाही. सबब हा लेखनप्रपंच. वाचणाराने आसन स्थिर करोन, चहा जवळ घेऊन, सावधानचित्ते श्रवण करावे.

मध्यप्रदेशाची वाटणी होऊन छत्तीसगडचे राज्य निराळे जाहले त्यास सुमारे दशक लोटले होते, आणि रायपूर शहरास राजधानीची वस्त्रे मिळाली होती. वस्त्रे नवी, अंग जुनेच. रस्ते रुंद करावयाचे म्हणोन खणिले गेले, खणिले गेले म्हणोन अरुंद जाहले, आणि चौकाचौकांत फलक लागले, की रयतेने आता कोठे खेटे घालावयाचे कारण नाही, सर्व कारभार घरबसल्या एका बोटाने होईल. बोट कोणते, हे फलकावर लिहिले नव्हते.

ऐशा त्या शहरी, पुरानी बस्तीच्या एका गल्लीत, देवळाचे पिछाडीस, राजमान्य राजश्री शालिग्रामराव गोतमारे, निसबत रेल्वे, हल्ली पेन्शनदार, यांचा मुक्काम होता. मूळ वस्ती वऱ्हाडप्रांती. तीर्थरूप रेल्वेत लागोन इकडे आले, आणि मग रावही रेल्वेतच लागले आणि तारायंत्राच्या कचेरीत हेडक्लार्कीचे पद भोगोन सन्मानाने घरी बैसले. तारेस हात लावणे हे काम कारागिरांचे, आणि ते काम जाहले की नाही हे विचारणे हे काम रावांचे. तथापि उभी हयात तारेच्या शेजारी गेली, त्या अर्थी तारविद्या आपणांस अवगत आहे, ऐसी त्यांची खातरजमा होती, आणि ती खातरजमा ते येणाऱ्याजाणाऱ्यास वारंवार देत असत.

निवृत्त होताच रावांनी पहिली मोहीम काढिली ती ऐसी. टेलिफोनची तार घरात शिरे ती दरवाज्यापाशी, आणि फोन असे तेथेच तिवईवर. आणि रावांची बैठक आतल्या खोलीत, खिडकीपाशी, दिवाणावर. तेव्हा फोन वाजला की खाशा स्वारीस उठावे लागे, हे हुद्द्यास शोभेना. म्हणोन रावांनी स्वहस्ते ती तार मध्येच सोलिली, तीस दुसरी तार पिळोन जोडिली, जोडावर जखमेस लावावयाची चिकटपट्टी गुंडाळिली, आणि दुसरी तार भिंतीभिंतीने नेऊन दिवाणाचे उशाशी दुसरा फोन बसविला. त्या फोनवरोन दिवसभर दरबार चाले. कोणास खबर पुसावी, कोणास सल्ला द्यावा, कोणास सल्ला मागितला नसताही द्यावा, ऐसा शिरस्ता होता.

त्यांच्या कुटुंब सौभाग्यवती विनोदिनीबाईसाहेब सरकारी शाळेत शिक्षिका. बोलणे मोजके, आवाज मध्यम, परंतु त्या आवाजाने मागल्या बाकावरची पोरे सरळ बैसत. कन्या चिरंजीव अनुश्री कॉलेजात शिके. तीस मराठी सर्व समजे, परंतु उत्तर हिंदीत देई, आणि मातापित्यांनीही त्या गोष्टीशी तह केला होता. तिच्या अभ्यासाकरिता घरी संगणक आला होता, आणि थोडके दिवसांपूर्वी कंपनीचे ब्रॉडब्यांडही आले होते. कंपनीच्या माणसाने दरवाज्यापाशी, जेथे तार घरात शिरे तेथेच, एक लहान काळी पेटी बसविली, तीस मोडेम म्हणत. तीवर हिरवे दिवे लुकलुकत. सायंकाळी राव देवळाच्या पायऱ्यांवर मंडळीत बैसावयास जात तेव्हा संकेतस्थळे झरझर उघडत, आणि दिवसा राव घरी असत तेव्हा ती उघडता उघडत नसत. यावर रावांचा निवाडा ऐसा, की दिवसा अवघे रायपूर इंटरनेट वापरते, सबब तार दमते.

ऐसे चालले असता वैशाख लागला, शाळांस सुट्या पडल्या, आणि एके दिवशी सकाळी विनोदिनीबाईंचे मोबाइलवर खात्याचा संदेश येऊन थडकला. मजकूर येणेप्रमाणे: बाईंस मुख्याध्यापिकेच्या पदावर बढती मंजूर जाहली आहे; तरी आज सायंकाळी पाचाचे आत खात्याचे संकेतस्थळ उघडोन, रिकाम्या शाळांपैकी एक निवडोन, स्वीकाराचे बटण दाबावे; न दाबिल्यास बढती नाकारिली ऐसे समजण्यात येईल. पाच वाजेतो अवधी देऊन संदेश त्याच दिवशी पाठविला, ही खात्याची रयतेवरील मेहेरनजर.

आता या बढतीचे महत्त्व काय, ते लिहितो. पूर्वी एकदा बढती आली होती, तेव्हा अनुश्री पाळण्यात होती, आणि घरचे वडील माणूस आजारी होते, आणि बाईंनी नाही म्हणोन कळविले होते. त्यानंतर त्यांच्या मागून लागलेल्या शिक्षिका मुख्याध्यापिका होऊन त्यांसच सूचना देऊ लागल्या, आणि बाईंनी त्या सूचना मान खाली घालोन ऐकिल्या. शहराच्या वेशीवरील उरला या गावी, जेथे लोखंडाचे कारखाने आहेत आणि ट्रकांची धूळ आकाशी चढते, तेथल्या शाळेत त्यांनी पूर्वी काही साल शिकविले होते. कामगारांच्या पोरी हुशार निघत, आणि सातवीआठवीस येताच पाळीवर जाणाऱ्या मायबापांचा डबा करण्यास घरी बैसविल्या जात. बाई दारोदार जाऊन एकदोघींस परत आणीत, परंतु तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणत, कायको परेशान होती हो मैडम. त्या शाळेच्या मुख्य खुर्चीवर आपण बैसावे, ही गोष्ट बाईंच्या मनात होती आणि त्यांनी ती आजवर कोणास सांगितली नव्हती.

बाईंनी संदेश वाचोन दाखविला. राव दिवाणावर पडोन पंख्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "हो म्हटलंच पाहिजे असं काही आहे का? आता या वयात काय कमी पडून राहिलं आपल्याले?"

बाई संगणकापुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि अनुश्रीस म्हणाल्या, "उघड."

मग मोहिमेस आरंभ जाहला. अनुश्रीने खात्याचे संकेतस्थळ पुकारिले, आणि पडद्यावर पांढरे पान उमटले, आणि त्यावर ते चाक गरगर फिरो लागले. पान पांढरे ते पांढरेच. बाईंनी पदर खोचिला. तो गलबला ऐकोन रावांस स्फुरण चढिले, आणि बढतीविषयी त्यांचे मत काही असो, आपल्या घरी तार हट्टास पेटली हे त्यांस सोसेना. खाशांची आज्ञा जाहली की रिफ्रेश करावे. अनुश्रीने केले. पुन्हा आज्ञा जाहली की पुन्हा करावे. मग आज्ञा जाहली की संगणक बंद करोन चालू करावा, आणि तो बंद होऊन चालू होण्यास इतका अवकाश लागला की तेवढ्यात एखादा लहानसा किल्ला सहज घेता आला असता. चालू जाहल्यावर पुन्हा पांढरे पान. कारण, मध्यंतरी राव दिवाणावर परतोन, फोन उचलोन, सदरबाजारी आपले धाकटे बंधू गुलाबराव यांस ही खबर विस्ताराने देत होते.

गुलाबरावांशी बोलणे संपवोन रावांनी फोन ठेविला, आणि इकडे पडद्यावर चमत्कार जाहला. पानाचे मस्तक दिसो लागले! खात्याची मुद्रा उमटली, मग शाळांची यादी उमटो लागली, आणि अनुश्री ओरडली, "आई, आ गया! आपका पुराना उरला भी है लिस्ट में!" आणि बाई झटक्याने पुढे जाहल्या, आणि राव आतून विजयी मुद्रेने म्हणाले की पाहा, बंद करोन चालू करणे हाच उपाय, आणि ही फत्तेची खबर गुलाबरावांस तत्काळ कळविणे जरूर, म्हणोन त्यांनी पुन्हा फोन उचलिला. बाईंचे बोट उरल्याच्या नावावर पडले तो पान पांढरे.

येथोन रावांचा क्रोध अनावर जाहला. त्यांनी ठरविले की हा सर्व अपराध कंपनीचा, आणि कंपनीस जाब पुसणे हे तारायंत्राच्या माजी हेडक्लार्काचे कर्तव्य. मग दिवाणावर मांडी ठोकोन, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवोन, त्यांनी कंपनीच्या तक्रारघरी फोन लाविला. प्रथम एका यंत्राने त्यांस हिंदीकरिता एक, इंग्रजीकरिता दोन दाबावयास सांगितले. मग दुसऱ्या यंत्राने चार दाबावयास सांगितले. मग पुष्कळ वेळ सनई वाजली. आणि मग एक तरुण बाई बोलो लागली. तिचे म्हणणे, "सर, आपकी लाइन पर अभी सिग्नल नहीं दिख रहा है।" राव गर्जले, "वही तो मैं बोल रहा हूँ! सिग्नल नहीं है! चालीस साल तार देखा हूँ मैं!" त्यावर ती नम्रतेने म्हणाली की तक्रार नोंदिली, आपण फोन ठेवावा, आम्ही तार तपासतो. रावांनी फोन ठेविला. थोड्या वेळाने कंपनीचा संदेश आला की आपली लाइन तपासली, ती उत्तम आहे, तक्रारीचे निवारण जाहले, आमची सेवा कैसी वाटली ते तारे देऊन कळवावे.

आणि खरोखरच पान पुन्हा उतरो लागले होते. परंतु निवारण न होताच निवारण जाहले म्हणतात, या अन्यायाने राव ऐसे पेटले, की पडद्याकडे न पाहता त्यांनी पुन्हा फोन उचलोन कंपनीस दुसरी तक्रार गुदरिली. आणि पान अर्ध्यावर गोठले. ऐसे किती वेळा घडले हे लिहिता शाई पुरणार नाही. तक्रार केली की तार मरे, तक्रार मिटली की तार जगे, आणि जगली की राव तक्रार मिटविल्याची तक्रार करीत. कंपनी म्हणे लाइन ठीक. राव म्हणत लाइन मेली. आणि दोघेही आपापल्या घटकेस खरेच बोलत होते.

दुपार कलंडो लागली. इतक्यात गुलाबराव कुमक घेऊन पोचले. त्यांचे सदरबाजारी मनगटी घड्याळांचे दुकान, आणि त्या दुकानात बिले काढावयास एक संगणक होता, या आधारावर अवघ्या घराण्यात त्यांस संगणकपंडित ही पदवी चालत असे. उन्हातून स्कूटर हाणीत, डोक्यास गमछा बांधोन ते आले, पाणी पिऊन त्यांनी खिशातोन एक चकती काढिली, आणि बोलिले जे, "दादा, कंपनीले कायले दोष देऊन राहिले? मशीनमंदी व्हायरस आहे. मी पायल्याबरोबर सांगतो." यंत्र अद्याप त्यांनी पाहिले नव्हते.

अनुश्रीने अर्ज केला की संगणकात एक विषाणूरोधक आधीच बसविला आहे. गुलाबरावांनी तो अर्ज फेटाळोन दुसरा विषाणूरोधक बसविला. मग जे जाहले ते ऐसे, की एका गडावर दोन किल्लेदार नेमावे, आणि दोघांनी एकमेकांसच गनीम समजोन झडती घ्यावी. पहिला दुसऱ्यास पकडी, दुसरा पहिल्यास पकडी, दोघेही पडद्याच्या कोपऱ्यातोन धोक्याच्या आरोळ्या ठोकीत, आणि संगणक इतका मंदावला की माऊसचा बाण एका काठावरोन निघाला तो दुसऱ्या काठास मुक्काम करीत करीत पोचे. तेव्हा गुलाबरावांनी पुढला हुकूम फर्माविला, "हिस्ट्री डिलीट कर, पोट्टे. सगळी."

हा हुकूम लिहिताना या लेखकाचा हात कापतो. इतिहास पुसोन टाकावा, आणि तोही समूळ, आणि तोही एका बटणाने! परंतु अनुश्रीने पुसिला, आणि जगबुडी जाहली नाही, आणि संकेतस्थळही उघडले नाही. उलट खात्याच्या पानाची जी खूण तिने राखिली होती आणि जो परवलीचा शब्द यंत्राने ध्यानी ठेविला होता, तो सर्व त्याबरोबर गेला. विनोदिनीबाईंस परवलीचा शब्द मुखोद्गत होता म्हणोन निभावले. राव आणि गुलाबराव एकमेकांकडे पाहोन म्हणाले की आता सर्व्हरच डाऊन असणार. या शब्दाचा अर्थ दोघांसही ठाऊक नव्हता, म्हणोन त्यावर दोघांचे एकमत जाहले.

अनुश्री म्हणाली, "आई, सदर बाज़ार चलते हैं, साइबर कैफ़े में। पाँच मिनट का काम है।"

राव म्हणाले, "घरी मशीन असून कॅफेत? लोक काय म्हणतीन? थांब, मी कंपनीच्या सायबालेच लावतो फोन."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. पाचाची घटका जवळ येत होती, आणि बाजारात दुचाक्यांची दाटी ऐसी की जाता जाता पाच वाजोन जावे. तरी त्यांनी पिशवी उचलिली, चष्मा पुसोन लाविला, आणि दरवाज्यापाशी येऊन एक चप्पल पायात घातली. इतकी साले त्यांनी वाट पाहिली, आणि आज आपल्याच घरी तिघेजण मदतीस असता गोष्ट हातची जाते, हे त्यांचे मनास फार लागले, आणि डोळ्यांस पाणी आले. परंतु ते त्यांनी गाळिले नाही, नुसते खाली पाहिले. खाली पाहिले तो नजर त्या काळ्या पेटीवर गेली. पेटीवर हिरवे दिवे जळत होते. त्याच क्षणी आतोन फोन उचलिल्याचा खट्ट ऐसा आवाज आला, आणि पेटीवरील एक दिवा विझला.

बाई तैशाच उभ्या राहिल्या, एका पायात चप्पल. मग आतल्या खोलीच्या दिशेने त्या म्हणाल्या, "फोन ठेवा."

राव म्हणाले, "आता लागून राहिला साहेब, थांब जरा..."

"ठेवा म्हणते ना."

हा तो मागल्या बाकाचा आवाज होता. रावांनी ठेविला. दिवा लुकलुको लागला, लुकलुक करीत राहिला, आणि काही वेळाने स्थिर जाहला.

"उचला," बाई म्हणाल्या. खट्ट. दिवा गेला.

"ठेवा." दिवा उठला.

"उचला."

"अवो, कवायत चालली काय माही?" राव आतोन ओरडले.

"हव," बाई म्हणाल्या. "उचला!"

अनुश्री धावत आली, गुलाबराव आले, आणि तिघांनी पेटीभोवती बैसोन तो चमत्कार डोळ्यांनी पाहिला. राव फोन उचलीत तेव्हा इंटरनेट मरे, ठेवीत तेव्हा जगे. अनुश्रीने तार चाचपीत चाचपीत जोड शोधिला, चिकटपट्टी उकलिली, आणि आत पाहिले तो तांबे हिरवे पडले होते आणि ढिले लोंबत होते. तिने वर न पाहता सांगितले, "बाबा, ये आपका लगाया हुआ तार है। मोडेम इसी से मर रहा है। शिकायत आप इसी फ़ोन से कर रहे थे।"

गुलाबरावांस हसू आले, ते त्यांनी गमछ्यात दाबिले. राव बाहेर आले, आणि जोड पाहोन उभे राहिले. येथे बाईंनी त्यांस जो सवाल केला तो लेखक जसाच्या तसा लिहितो.

"खरं सांगा. तुम्ही मुद्दाम तं करून नाही राहिले? मले जाऊ द्यायचं नाही म्हणून?"

रावांचा चेहरा उतरला, आणि हेडक्लार्कीचा सर्व थाट गळोन पडला, आणि ते हळू म्हणाले, "नाही वो. मले कुठं समजते एवढं. तार जोडता येत नाही मले, हे दिसूनच राहिलं." मग म्हणाले, "पण हो म्हणू नको असं वाटलं होतं, थे खरं. आता सुट्ट्या आहेत तं तू दिसते तरी. उरल्याले गेली तं सकाळी जाशीन, अंधारात येशीन. हा फोन नसता तं दिवसभर कोणाशी बोललो असतो मी?"

बाईंनी ऐकोन घेतले. त्यांस राग होता, तो सर्व गेला नाही, आणि जो गेला त्याचा त्यांनी गवगवा केला नाही. त्या म्हणाल्या, "फोन कोण नेऊन राहिलं तुमचा? इथं येऊन बोला. खुर्ची टाकून देते दारापाशी. गल्लीतून माणसं जातात, ती तरी दिसतीन."

राव आत गेले आणि बाहेर आले ते हाती अडकित्ता घेऊन. वडिलांच्या वेळचा, पितळी मुठीचा, सुपारीखेरीज ज्याने आजवर कशाचे रक्त पाहिले नव्हते, ऐसा तो अडकित्ता. गुलाबरावांनी पुढे होऊन म्हणितले, दादा, मी कापतो. रावांनी त्यांस हाताने मागे सारिले, आणि जी तार स्वहस्ते जोडिली होती ती स्वहस्ते कापिली. पहिल्या घावात तुटली नाही. दुसऱ्या घावात तुटली. अनुश्रीने मूळ तारेची सोललेली जागा नीट स्वच्छ करोन पुन्हा बांधिली, आणि चौघे पेटीकडे पाहत उभे राहिले, जैसे वेढ्यातील लोक बुरुजाकडे पाहतात. एक दिवा लागला, मग दुसरा, मग तो तिसरा लुकलुकणारा स्थिरावला.

परंतु गनीम पुरता मोडला नव्हता. संगणकात दोन किल्लेदार अद्याप झुंजत होते. अनुश्रीने गुलाबरावांच्या किल्लेदारास हाकलावयास काढिले, तेव्हा गुलाबरावांनी हरकत घेतली की व्हायरस मोकळा सुटेल. बाईंनी त्यांजकडे केवळ पाहिले. गुलाबराव म्हणाले की वहिनी म्हणत असतील तर काढावे, आणि पाणी प्यावयाचे मिषाने स्वयंपाकघरात गेले. यंत्राने पुसले की खात्रीने काढावे काय? मग पुसले की कारण काय? मग पुसले की पुन्हा विचार करावा काय? आणि इकडे घड्याळाचा काटा पाचाकडे चालत होता, आणि राव मुठी वळोन मागे उभे होते. या वेळी त्यांनी एकही आज्ञा केली नाही, ही गोष्ट त्या घराण्याच्या इतिहासात अपूर्व म्हणोन नोंदिली पाहिजे.

शेवटी जागा मोकळी जाहली. अनुश्रीने संकेतस्थळ पुकारिले. पान पांढरे आले, चाक फिरले, आणि मग वरोन खाली, सावकाश, पालखी उतरावी तैसे पान उतरले. मुद्रा आली, बाईंचे नाव आले, यादी आली. सकाळची यादी लांब होती; दिवसभरात ज्यांच्या घरी तार धड होती त्यांनी जवळच्या सर्व शाळा उचलिल्या होत्या. बाईंनी चष्मा सावरोन बोटाने ओळीमागोन ओळ वाचिली. शहरातील एकही उरली नव्हती. बहुतेक दूर डोंगरापलीकडील. आणि तळाशी उरला. धुळीची शाळा, ट्रकांची शाळा. ती कोणी मागितली नव्हती.

राव मागोन म्हणाले, "आहे?"

"आहे."

अनुश्री उठोन उभी राहिली आणि तिने खुर्ची मातुश्रींस दिली. बाई बैसल्या, माऊस आपल्या हाती घेतला, आणि उरला निवडोन स्वीकाराचे बटण स्वतः दाबिले. चाक फिरले. मग पडद्यावर हिरव्या अक्षरांत मजकूर उमटला की आपली स्वीकृती दाखल जाहली, अभिनंदन. बाईंनी तो मजकूर एकदा वाचिला, आणि मग तोंडास पदर लावोन, इतका वेळ राखिलेले पाणी एकदाचे गाळिले. राव पाठीशी उभे होते. त्यांनी हात उचलोन बाईंच्या खांद्यावर ठेवावा ऐसे मनात आणिले, आणि बंधूंसमक्ष कैसे ठेवावे म्हणोन खुर्चीच्या पाठीवर ठेविला. गुलाबराव स्वयंपाकघरातोन येऊन म्हणाले की पाहा, हिस्ट्री डिलीट केली म्हणोन काम जाहले.

येणेप्रमाणे पुरानी बस्तीची मोहीम फत्ते जाहली. हानी झाली ती ऐसी: एक तार, एक चिकटपट्टी, अडकित्त्याची धार, आणि दोन बंधूंची विद्वत्ता, पैकी विद्वत्ता सायंकाळपावेतो पूर्ववत जाहली. कारण सायंकाळी राव देवळाच्या पायऱ्यांवर गेले, आणि मंडळींनी पुसले की आज यावयास उशीर का जाहला, तेव्हा त्यांनी सांगितले की घरची इंटरनेटची तार बिघडली होती, कंपनीस जमेना, बंधूस जमेना, मग आम्हीच दोष हुडकोन, स्वहस्ते कापोन, काम तडीस नेले. मिसेसची बढती होती, असे काम दुसऱ्यावर टाकता येत नाही. मंडळींनी माना डोलाविल्या.

विनोदिनीबाई तेव्हाच देवदर्शनास आल्या होत्या आणि खांबाआडोन हे सर्व ऐकत होत्या. अनुश्रीने त्यांस कोपराने डिवचोन म्हणितले, "आई, कुछ बोलो ना।"

बाई म्हणाल्या, "राहू दे. माह्याजवळ आता शाळा आहे. एवढं त्यांच्याजवळ राहू दे."

आणि त्यांनी फत्तेचे सर्व श्रेय खाशांस वंशपरंपरा इनाम करोन दिले, आणि पायरीवर न थांबता घराकडे चालो लागल्या, कारण उरल्याची बस कोठून सुटते आणि मागल्या साली तेथे किती मुली आठवीत पोचल्या, हे त्यांस अनुश्रीकडोन संगणकावर पाहावयाचे होते.

हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. जेथे पुरुषमंडळी थोर दिसतील तेथे तो लेखकाचा अदब समजावा, आणि इतरत्र सर्व खरे मानावे.